किंमत नावाची आणि हातकामाची

‘महागडी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे निव्वळ नावाचे पैसे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच पटले.

2019 मध्ये गिटारवादक डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार लिलावात जवळपास 40 लाख डॉलरना गेली, हे त्यांचे उदाहरण गैरलागू आहे. ती किंमत इतिहासाची, वाद्याची नव्हे. 1954 साली आलेली स्ट्रॅटोकास्टर मुळात कारखान्यात भराभर बनावी अशीच आखलेली. मान अंगाला स्क्रूने जोडलेली. ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेने तर 1963 पासून वडिलांसोबत घरीच गिटार घडवली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. तीच जगभर गाजली.

पण म्हणून स्वस्त ते मस्त, असेही नाही. माझ्या पहिल्या स्वस्त गिटारच्या फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके तळहाताला ओरबाडत. बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागे. कारागिराने टोके घासली, तारांची उंची उतरवली, ब्रिजवरचे सॅडल जरा मागे सरकवले आणि तीच गिटार सुरात बोलू लागली. महाग गिटारमध्ये हे हातकाम बहुधा आधीच झालेले असते. त्याचे पैसे रास्त. त्यापुढचे रंगरूपाचे आणि नावाचे.

तेव्हा नवशिक्यांना एवढीच विनंती: घेताना बाराव्या फ्रेटवरचा सूर ट्यूनरवर तपासा आणि थोडे पैसे कारागिरासाठी राखून ठेवा.

— एक वाचक, ठाणे