कातळावरची सोनकी

भाद्रपदात कुंभार्ली घाट चढून कोयनानगरकडे या. कातळाच्या भेगेत बोटभर माती साचली तरी सोनकीला पुरते. गुडघाभर उंचीचं रोप, पण सबंध उतार पिवळाधमक करून टाकतं! त्याचं एक फूल जवळून पाहाच: मधे बारीक नळीदार फुलांचा दाट गुच्छ आणि कडेची प्रत्येक पाकळी हेही एक स्वतंत्र फूल. सूर्यफुलाच्या कुळाची ही रीतच. पुढे त्याच्या बिया केसाळ पिसांवर वाऱ्याने पांगतात. कोयना अभयारण्य २०१२पासून जागतिक वारशात आहे. त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण राखणं आपल्याच हाती. फोटोसाठी ताटव्यात शिरू नका, सड्यावर गाडी घालू नका. सोनकीला बी धरू द्या.