आशाताईच्या गणित-इंग्रजीसाठी गावाने एक खोली उघडावी

ताप आलेल्या आठ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किती पाजायचे? एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त 120 मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एका सिरपवर 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असे छापलेले असते, तर दुसऱ्यावर तेवढ्याच 5 मिलिलिटरमध्ये 250. पहिल्या बाटलीचे माप दुसरीला लावले, तर बाळाच्या पोटात दुप्पट औषध जाते. लेबल इंग्रजीत, हिशेब गुणाकार-भागाकाराचा. रात्री दहा वाजता एटापल्लीच्या किंवा जिवतीच्या एखाद्या आडगावात हे दोन्ही वाचून दाखवणारे माणूस बहुधा एकच असते: गावची आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामसभा, शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि आशाताईंच्या घरची माणसे यांना हे आवाहन तिच्यासाठी आहे. तिच्याबरोबरच अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दवाखान्यातील आया आणि वॉर्डबॉय, हिवतापाच्या कामावरचे कर्मचारी यांच्यासाठीही आहे. यांच्यापैकी अनेकांची शाळा आठवी-नववीत सुटली. कुणी दहावीला बसले आणि गणित किंवा इंग्रजीत राहिले. त्यानंतर लग्न, शेत, लेकरे, आणि पुन्हा परीक्षेचा विषय घरात निघालाच नाही. हे दोन विषय त्यांना आता नीट शिकता यावेत आणि त्यांची गुणपत्रिका हाती यावी, ही जबाबदारी गावाने आपली मानावी, एवढीच मागणी आहे.

मागणीला आधार याच मातीतल्या कामाचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात गडचिरोलीत बालमृत्यूंवर काम सुरू केले, तेव्हा न्यूमोनिया मुलांचे बळी घेत होता. तो ओळखण्याची खूण श्वासांच्या गतीत असते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 भरले, की धोका समजायचा. पण गावातल्या सुईणींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते आणि एवढी मोजणी त्यांच्या आवाक्यात नव्हती. म्हणून 'सर्च'ने एक श्वासमापक तयार केला: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. मण्यांवरून सुईण न्यूमोनिया ओळखू लागली.

पुढे 1990 च्या दशकाच्या मध्यापासून 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवण्यात आली. त्यांचे शालेय शिक्षण पाचवी ते दहावीच्या दरम्यानचे. त्या बाळाचे वजन करत, ताप आणि श्वास मोजत, नोंदी ठेवत, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर 1999 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. 2011 मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची हीच वाट आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. आज देशातली कोणतीही आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, आणि बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही, ते गडचिरोलीच्या बायकांनी करून दाखवले म्हणून.

आठवी शिकलेली बाई जीव वाचवू शकते, याची परीक्षा या जिल्ह्याने केव्हाच दिली. मात्र त्यानंतर तिचे काम वाढत गेले आणि तिचे शिक्षण तिथेच थांबले.

काम किती वाढले, ते तिच्या पिशवीवरून आणि मोबाइलवरून कळते. बाळाचे वजन 2.5 किलो की 2.05 किलो, यात एका शून्याचा आणि 450 ग्रॅमचा फरक आहे, 2.5 किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे धरायचे असते. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवून बाळंतपणाची अंदाजे तारीख काढायची असते. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय, 7 च्या खाली गेले की तातडीने वरच्या दवाखान्यात. हिवतापाच्या गोळ्या वयोगटाप्रमाणे ठरतात. सिकलसेलच्या अहवालावर 'एएस' लिहिले असेल तर माणूस वाहक, 'एसएस' असेल तर रुग्ण. एका इंग्रजी अक्षराने घरादाराचे पुढचे नियोजन बदलते. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याला मोठे काम आहे, आणि ते अहवाल घेऊन घरोघरी जाणार आहेत ते गावपातळीवरचेच लोक.

मणी आणि रंग यांनी आजवर बरीच सोय केली. कुपोषण ओळखण्यासाठी दंडाला लावायची पट्टी लाल, पिवळी, हिरवी असते, 11.5 सेंटिमीटर हा आकडा न वाचताही लाल रंग दिसतो. हिवतापाच्या गोळ्यांची पाकिटेही वयोगटानुसार वेगवेगळ्या रंगांची. ही साधने उत्तम आहेत आणि राहावीत. पण रंग फक्त धोका दाखवतो. मागच्या महिन्यापेक्षा वजन किती वाढले, गावातल्या किती मुलांपैकी किती लाल पट्ट्यात आहेत, हे आकड्यांशिवाय सांगता येत नाही. आणि ज्या बाईला आकडे मांडता येतात, ती तालुक्याच्या बैठकीत आपल्या गावासाठी भांडू शकते.

इंग्रजीचा जाच तर सगळ्यांनी पाहिला. मार्च 2021 मध्ये आलेले 'पोषण ट्रॅकर' ॲप सुरुवातीला इंग्रजीत होते. त्याच वर्षी राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, त्यामागे फोनच्या दर्जाबरोबर भाषेचीही तक्रार होती. ती मागणी रास्त होती. ॲप, फॉर्म, प्रशिक्षण मराठीत आणि जिथे गरज तिथे माडिया-गोंडीत यायलाच हवे. भामरागडच्या अनेक बायकांना मराठी हीच दुसरी भाषा आहे. सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. इंग्रजी त्यांच्यावर आणखी एक ओझे म्हणून लादायची नाही. पण औषधाची पट्टी, प्रयोगशाळेचा अहवाल, डॉक्टरांनी लिहिलेले 'बीडी' (दिवसातून दोनदा) आणि 'टीडीएस' (दिवसातून तीनदा) जोवर इंग्रजीतच राहणार आहेत, तोवर ते वाचता येणे हे रोग्याच्या सुरक्षिततेचे काम आहे.

कागदाची भिंतही आहे. अंगणवाडी सेविकेच्या नव्या नेमणुकीसाठी आता बारावी उत्तीर्ण ही अट आहे. एएनएम या नर्सिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी लागते. त्याच्या वरच्या जीएनएम या नर्सिंग पदविकेसाठी बारावीला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत मुक्त विद्यालयाची बारावी चालते, पण थेट प्रवेशासाठी वयोमर्यादा 35 आहे. जी आधीच एएनएम आहे तिला जीएनएमसाठी वयाची अट नाही. याचा हिशेब सोपा आहे. 28 वर्षांच्या, आठवी झालेल्या आशाताईने यंदा दहावीचा फॉर्म भरला, तर दहावी आणि मग दोन वर्षांनी बारावी होऊन एकतिशी-बत्तिशीत ती एएनएमच्या दारात उभी राहू शकते. आणखी पाच वर्षे 'बघू, पुढच्या वर्षी' म्हणत गेली, तर दार बंद झालेले असते. जिची पस्तिशी उलटली तिच्यासाठी नर्सिंगचा हा मार्ग नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण बाटलीवरचा आकडा तिलाही रोज वाचायचा आहे.

वय झाल्यावर शिकणाऱ्या बाईची वाट महाराष्ट्राला नवी नाही. रमाबाई रानडे लग्नानंतर, घरातल्या बायकांचा विरोध सोसत इंग्रजी शिकल्या. 1909 मध्ये त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुण्यात सेवासदन उभे केले, तिथे प्रौढ स्त्रियांचे वर्ग भरले आणि नर्सिंगच्या शिक्षणासाठी बायकांना ससून रुग्णालयात पाठवले गेले. शतकापूर्वीच्या पुण्यात जे जमले, ते आजच्या कुरखेड्यात आणि सिंदेवाहीत जमायला हरकत नाही. ब्रिटनमध्येही दवाखान्यातल्या ज्या मदतनिसांचे शाळेत गणित-इंग्रजी राहिले, त्यांना नोकरी सांभाळून 'फंक्शनल स्किल्स' नावाची वेगळी परीक्षा देता येते आणि अनेक विद्यापीठांत तिच्या आधारावर नर्सिंगच्या पदवीला जाता येते.

आपल्याकडे रस्ते तीन आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी देता येते. दोन्ही जिल्हे नागपूर विभागीय मंडळाखाली येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटा काढता येतो. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या स्तरावरच्या परीक्षाही घेते. मुक्त विद्यालयात गणित सोडून दुसरा विषय निवडायची मुभा असते. आरोग्याचे काम करणाऱ्यांनी ती घेऊ नये. ज्या मदतनिसांना आणि आयांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची 150 गुणांची चाचणी आहे.

रस्ता निवडताना जंगलाचे वेळापत्रक बघावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची एक परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, म्हणजे मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत. दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, धानाच्या कापणीला लागून. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या आधी उरकते. रोवणी संपल्यापासून जानेवारीपर्यंतच्या संध्याकाळी अभ्यासाला मिळतात. वर्ग त्याच काळात भरावा.

प्रत्येकाकडे मागणे वेगळे आहे. शाळांनी आणि आश्रमशाळांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, दिवा आणि फळा द्यावा. गणित-इंग्रजीच्या शिक्षकांनी, निवृत्त गुरुजी-बाईंनी शिकवायला बसावे. गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी हातभार लावू शकतात. पुस्तकातले क्षेत्रफळ शिकवायच्या आधी डोसाचे त्रैराशिक शिकवावे, इंग्रजीचे पहिले पाठ औषधाच्या पट्टीवरून आणि माता-बाल संरक्षण (एमसीपी) कार्डावरून घ्यावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि रुग्णालयांनी परीक्षेच्या दिवशी बदली माणूस द्यावा, कुणाचा मोबदला कापू नये. आणि परीक्षा दिली नाही म्हणून कुणाला कामावरून कमी करण्याची भाषा कोणत्याही कार्यालयाने करू नये. वर्षानुवर्षे गाव सांभाळणारी बाई धाक घातल्याने काही शिकत नाही.

घरच्या माणसांकडे मागणे छोटे वाटेल, पण सर्वांत जड तेच आहे. वर्गाच्या दोन संध्याकाळी चूल, लेकरे आणि गुरे घरातल्या दुसऱ्या कोणी तरी बघायची.

ग्रामसभांकडे पैसाही आहे आणि सवयही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यासगट चालवले. गोल बसून कायदा समजून घेतला आणि 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. त्याच पद्धतीचा अभ्यासगट आशाताईंसाठी बसू शकतो, पाच गावांचा मिळून एक. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हा खर्चाचा ठरलेला भाग आहे. तेंदू आणि बांबूचे उत्पन्न असलेल्या ग्रामसभांकडे त्याशिवाय स्वतःचा पैसा आहे. परीक्षा शुल्क, पुस्तके आणि केंद्रापर्यंतचे बसभाडे यातून सहज निघेल.

सतरा नंबरचे फॉर्म साधारणपणे पावसाळ्यात भरले जातात. त्यामुळे 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि त्याआधी आशाताईंनी जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढून, आधार कार्ड आणि फोटोसोबत तयार ठेवावा. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत काढायला वेळ लागतो, तेव्हा शाळेत जाऊन यायचे काम जुलैमध्येच उरकावे. ठरावात चार गोष्टी लिहाव्यात: गावातले कोण परीक्षेला बसणार, कोणत्या शाळेची कोणती खोली मिळणार, कोण शिकवणार आणि शुल्क कोणत्या खात्यातून जाणार. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याच आठवड्यात पोचवावी.