कुत्र्याचें माहेर

पाळण्यास आणलेला कुत्रा कांहीं कारणानें घरांत ठेवणें अशक्य झालें, तर तो कोणाच्या स्वाधीन करावा, हा वादाचा प्रश्न आहे असें पुष्कळांस वाटणारच नाहीं. ज्याचा कुत्रा त्यानें ठरवावें, असें ते म्हणतील. परंतु निराश्रित कुत्र्यांचा संभाळ करणाऱ्या संस्थेकडून जो कुत्रा आणतो, त्याच्याकडून बहुधा एक करारपत्र लिहून घेतलेलें असतें. आणि कुत्रा ठेवणें न जमल्यास तो दुसऱ्या कोणासही न देतां संस्थेकडेच परत आणून देईन, असें एक कलम त्यांत असतें. आपल्या शाळेंतील कितीतरी मुलांच्या घरीं असे कुत्रे आहेत. तेव्हां हें कलम न्याय्य कीं जुलमी, याचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

या कलमाची सर्वांत गाजलेली कसोटी २००७ सालीं अमेरिकेंत लागली. एलन डीजेनेरस या दूरचित्रवाणीवरील प्रख्यात विनोदी कलावतीनें पासाडेना येथील एका संस्थेकडून इगी नांवाचा लहानसा कुत्रा आणला. घरांतील मांजरांशीं त्याचें जमेना. (धर्मराजानें स्वर्गाच्या दारांतही कुत्र्यास सोडलें नाहीं हें खरें, पण त्याच्या घरीं मांजरें असल्याचा उल्लेख महाभारतांत माझ्या तरी वाचनांत नाहीं.) तेव्हां बाईंनीं तो आपली केशभूषा करणाऱ्या स्त्रीस देऊन टाकला. तिच्या दोन मुलींना त्याचा फार लळा लागला. पुढें संस्थेनें चौकशी केली तेव्हां ही गोष्ट उघड झाली, आणि संस्थेनें करारावर बोट ठेवून कुत्रा परत नेला. चौदा वर्षांखालील मुलें असलेल्या घरीं लहान चणीचा कुत्रा द्यावयाचा नाहीं, असा तिचा दंडकही होता. बाईंनीं आपल्या कार्यक्रमांत रडत रडत स्वतःची चूक कबूल केली व कुत्रा मुलींना परत मिळावा म्हणून विनवणी केली. लोक इतके खवळले कीं संस्थेच्या चालकांना जिवें मारण्याच्या धमक्या आल्या. तरीही इगी गेला तो तिसऱ्याच घरीं.

एका बाजूस रडणाऱ्या मुली आणि दुसऱ्या बाजूस एक छापील कागद, असा सामना असला म्हणजे लोकमत कोणीकडे झुकणार हें सांगावयास नको. तरीही कलम योग्यच आहे असें माझें मत आहे. इगीस मिळालेलें घर चांगलें असेलही. पण तसें एकदां चालूं दिलें कीं तिसरें घर कोण पाहणार, आणि चौथें?

आमच्या आळींतील एका गृहस्थांचीच हकीकत सांगतों. पुण्याच्या एका संस्थेकडून आणलेला त्यांचा मोत्या चांगला चार वर्षें त्यांच्या घरीं होता. गृहस्थांची बदली झाली. नव्या गांवीं घरमालक कुत्रा ठेवूं देईना. त्यांनीं मोत्या आपल्या गवळ्यास दिला. गवळ्याची नवी म्हैस त्यास बुजूं लागली, म्हणून त्यानें तो मेहुण्याकडे पाठविला. मेहुण्यानें तो राखणीसाठीं एका ढाबेवाल्यास दिला. वर्षभरानें संस्थेंतून विचारणा आली, तेव्हां ढाबेवाल्यानें नुसता हात करून महामार्ग दाखविला. या साखळींत दुष्ट मनुष्य एकही नव्हता. परंतु मोत्या फटाक्यांना भिऊन वाट फुटेल तिकडे पळतो, ही एवढीशी गोष्ट पहिल्या घरीं ठाऊक होती ती दुसऱ्या घराच्या पुढें गेलीच नाहीं.

साखळींत लोभी माणसें असलीं म्हणजे काय होतें, तें अमेरिकेंत १९६५ सालीं दिसलें. पेपर नांवाची एक डाल्मेशियन कुत्री पेन्सिल्व्हानियांतून नाहींशी झाली आणि व्यापाऱ्यांच्या हातून हातीं जात न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत पोंचली. घरच्यांना पत्ता लागेपर्यंत ती प्रयोगांत मेली होती. तिला कोणी आपण होऊन दिलें नव्हतें हें खरें. पण 'चांगल्या घरीं फुकट देणें आहे' अशा जाहिराती वाचणारांत तशा व्यापाऱ्यांचीही गणना करावी लागते. पेपरच्या प्रकरणानें उठलेल्या ओरड्यामुळें १९६६ सालीं त्या देशांत प्रयोगशाळांतील प्राण्यांविषयीं कायदा झाला.

आतां कोणी म्हणतील कीं, हल्लीं कुत्र्याच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवितात. इंग्लंडांत तर २०१६ पासून ती सक्तीची आहे. मग कुत्रा हरवेल कसा? हा गैरसमज आहे. ती चिप कुत्रा कोठें आहे हें सांगत नाहीं. यंत्र जवळ धरलें असतां ती एक पंधरा आंकडी क्रमांक तेवढा दाखविते, आणि त्या क्रमांकापुढें नोंदवहींत ज्याचें नांव शेवटीं लिहिलें असेल तोच मालक. नोंद बदलण्याची आठवण कोणास राहत नाहीं.

'दत्तक' हा शब्दच येथें फसवा आहे. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणें एकदां विधियुक्त झालेलें दत्तविधान मोडतां येत नाहीं; दत्तक गेलेला मुलगा जनक कुळांत परत येऊं शकत नाहीं. कुत्र्याच्या करारांत नेमकें उलट मागितलें आहे. मला तर त्या संस्थेस कुत्र्याचें माहेर म्हणावेंसें वाटतें. आणि माहेर म्हणविणाऱ्यानें दार उघडें ठेविलें पाहिजे. जी संस्था कलमावर सही घेते, पण वेळ आली असतां 'जागा नाहीं, दोन महिने थांबा' असें उत्तर देते, तिला पुढें तक्रारीचा अधिकार काय? घर रिकामें करण्यास आठ दिवस उरलेल्या मनुष्यानें काय करावें? वाजवी मुदतींत कुत्रा परत घेतां येत नसेल, तर त्या संस्थेपुरतें तें कलम रद्द समजावें.

तसेंच, परत देणें म्हणजे कुत्र्यास पुन्हां पिंजऱ्यांत घालणेंच असें नव्हे. तेथील भुंकणें, वास आणि रोजचीं अनोळखी माणसें यांमुळें घरांत वाढलेला कुत्रा अन्नपाणी टाकतो. मालकानें एखादें परिचित कुटुंब सुचविलें, तर संस्थेनें जाऊन तें घर पाहावें, नव्यानें करारपत्र करावें, आणि कुत्र्यानें या घरांतून थेट त्या घरांत जावें. इगीच्या बाबतींत हें करतां आलें असतें. मुलींचें वय हा कागदावरचा आडाखा होता; त्या मुलींबरोबर तो कसा राहतो हें तर त्या घरीं जाऊन डोळ्यांनीं पाहतां येण्यासारखें होतें. बाईंनीं करार मोडला हें खरें, पण त्याची शिक्षा मुलींस आणि कुत्र्यास झाली.

राहिले आमच्या आळींतले गृहस्थ. मागच्या दिवाळींत ते आले होते. करारपत्र अजून त्यांच्या कपाटांत आहे. खालच्या बाजूस संस्थेचा फोन क्रमांक ठळक छापलेला आहे. मग फोन कां केला नाहीं, असें मीं विचारलें. ते बराच वेळ गप्प बसले. "आणला त्या दिवशीं त्या लोकांनीं मोत्याबरोबर आमचें छायाचित्र काढलें होतें हो," ते म्हणाले, "कोणत्या तोंडानें फोन करणार होतों?"