आत्याबाईंचा पाव वॅट

गेल्या वर्षी भाऊबिजेला पवनीला आत्याबाईंकडे गेलो होतो. वडील गेल्यापासून त्यांच्या वाटची ओवाळणी घालायला मीच जातो. वैनगंगेकाठचे हे जुने गाव एरवी मोठे शांत. पण त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच कुठल्याशा मालिकेतल्या सासूने माझे स्वागत केले. आवाज आत्याबाईंच्याच घरातून येत होता. आत गेलो तर दूरदर्शन संचावर आवाजाचा आकडा सत्तर! स्वयंपाकघराचे दार लोटून वहिनी करंज्या तळीत होत्या आणि दहावीतली पुतणी कानांत कापूस घालून माडीवर बसली होती.

"आवाज कमी केला की आई रुसतात," वहिनी हळूच म्हणाल्या. हळूच म्हणण्याची काही गरज नव्हती. आत्याबाईंचे वय ब्याऐंशी. त्या रुसत नसत, गप्प होत असत, आणि हे वहिनींनाही कळत होते. आकडा तिसावर आणला की त्या पडद्याकडे बघत बसून राहत, थोड्या वेळाने उठून आपल्या खाटेवर जात. ज्या बाईच्या बोलण्यावर आख्खी भाऊबीज रंगायची, ती चारचौघांत बसेनाशी झाली होती.

मी जवळ जाऊन विचारले, "आत्याबाई, ऐकू येत नाही का?"

"आवाज येते रे बापू," त्या म्हणाल्या, "पन काय म्हन्ते थे समजत नाही."

या एका वाक्यात सगळे निदान आहे. उतारवयात कान बहुधा सगळा सारखा मंद होत नाही. ढोलकीचा, मोटारीचा जाड आवाज पुष्कळसा शाबूत राहतो. जातो तो वरच्या पट्टीतला बारीक आवाज. आणि स, श, फ, त, क ही सारी व्यंजने राहतात नेमकी तिथेच. मग 'साखर', 'खापर' आणि 'काकर' ही तीन माणसे एकाच चेहऱ्याची दिसू लागतात. आवाज वाढवला की जाड तेवढे आणखी जाड होते; त्यात खोलीच्या भिंतींचा घुमारा मिसळतो आणि शब्द आणखीच बुडतात. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटके होतात. तिथल्या भोंग्यांखाली बसूनही आत्याबाईंना संवाद कळेनात, ते यामुळेच.

कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि लागल्यास श्रवणयंत्र, हाच खरा उपाय आणि तो मी प्रथम सांगितला. तपासणी झाली, यंत्रही आले. आत्याबाई ते देवळात आणि पाहुण्यांत लावतात. संध्याकाळी मात्र "कानात किडा वळवळते" म्हणून काढून ठेवतात, आणि मालिका नेमक्या संध्याकाळी असतात. तेव्हा आमच्या या सदराच्या धर्माला अनुसरून मी पुतणीला म्हटले, "चल, आपण आजीच्या उशाशी एक लहानसा ॲम्प्लिफायर बसवू."

आतेभावाला हे पटेना. "लहानसा कशाला? चांगला पन्नास वॅटचा आणू की!"

इथे थोडा हिशेब केला पाहिजे. मोकळ्या जागेत ध्वनीपासूनचे अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. आत्याबाईंची खाट संचापासून चार मीटरवर. स्पीकर उशापासून अर्ध्या मीटरवर आणला तर अंतर तीनदा निम्मे झाले, म्हणजे अठरा डेसिबल मिळाले. तेच अठरा डेसिबल जागचे न हलता यंत्राच्या जोरावर मिळवायचे तर साठपटीहून अधिक वॅट ओतावे लागतात! उशाजवळचा पाव वॅट म्हणजे संचाजवळचे पंधरा-सोळा वॅट. बंद खोलीत हा हिशेब इतका पुरेपूर जमत नाही, कारण भिंती आवाज परतवतात. पण जवळच्या स्पीकरचा आवाज भिंतीच्या घुमाऱ्याआधी आणि त्याहून ठळक कानात शिरतो, आणि शब्द कळायला तेच हवे असते.

पाव वॅटासाठी आम्ही घेतली ती आठ पायांची एलएम ३८६ ही चिप. अमेरिकेतल्या नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची ही १९७० च्या दशकातली करणी. ती कंपनी २०११ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, पण चिप अजून मिळते. सहा व्होल्टांवर आठ ओहमच्या स्पीकरला ती निदान २५० मिलिवॅट देते. नुसती बसली असता जेमतेम चार मिलिअँपिअर खाते, म्हणून चार पेन्सिल सेलवर सुखाने चालते. पुतणी आणि मी एस.टी.ने नागपूरला जाऊन सीताबर्डीहून सामान आणले. चिपा दोन घ्यायला लावल्या. का, ते पुढे कळेल.

जोडणी वाचकांनी एकदा कागदावर काढून पाहावी. चिपवरची खाच वर धरली की डाव्या हाताचा वरचा पाय पहिला. तिथून खाली उतरत चार आणि उजवीकडून वर चढत आठ. चौथा आणि दुसरा पाय जमिनीला, म्हणजे सेलच्या ऋण टोकाला. सहावा धन टोकाला. तिसऱ्या पायात आवाज शिरतो, पाचव्यातून बाहेर पडतो. सातव्या पायापासून जमिनीला दहा मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर दिला की पुरवठ्यातली गुरगुर कमी होते. पाचव्या पायापासून जमिनीकडे दहा ओहमचा रेझिस्टन्स आणि ०·०४७ मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर एकापुढे एक जोडायचे. पुष्कळजण ही जोडी 'हिच्यावाचूनही वाजते' म्हणून गाळतात. मग चिप कानाला न कळणाऱ्या उंच पट्टीत आपली आपणच थरथरत बसते, तापते आणि आवाज फाटतो.

पहिला आणि आठवा पाय मोकळे ठेवावेत. तसे ठेवले की आवाज वीसपट होतो. मध्ये दहा मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर घातला तर दोनशेपट. हौशी मंडळी हटकून दोनशेपट करतात आणि मग 'सूं' आवाज का येतो म्हणून विचारतात. डबड्याच्या, म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या, मागल्या लाल-पांढऱ्या भोकांतून येणारा संदेश मुळातच दांडगा असतो आणि या चिपच्या तोंडाला ०·४ व्होल्टांपलीकडे सोसत नाही. म्हणून आधी दहा हजार ओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल हवाच. लाल आणि पांढरी तार मात्र थेट एकमेकींना जोडू नये; प्रत्येकीत एक-एक हजार ओहम घालून मग त्या एकत्र कराव्यात.

स्पीकरच्या वाटेवरचा कन्डेन्सर आम्ही मुद्दाम लहान घेतला. छापील आकृतीत तो २५० मायक्रोफॅरडचा असतो. १०० चा घातला की आठ ओहमच्या स्पीकरला सुमारे दोनशे हर्ट्झखालचा जाड आवाज उतरणीला लागतो. गाण्याच्या शौकिनाला हे पाप वाटेल. आत्याबाईंना तबला नको होता, शब्द हवे होते.

पुतणीने प्रथमच सोल्डरिंगची कांब हातात धरली होती. तरी दोन तासांत सारे जुळले, सेल घातले, आणि काहीच झाले नाही. स्पीकर मुका. चिपवर बोट ठेवले तर चटका! सेल ताबडतोब काढले.

अशा वेळी माणूस प्रथम चिपला शिव्या देतो. मी म्हटले, आधी चिप काढून ठेव आणि मीटर लाव. पाचव्या पायावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे तीन व्होल्टांच्या आसपास दिसले पाहिजेत; हीच या चिपची नाडी. आमच्या तर रिकाम्या बेसवरच पाचव्या पायाच्या भोकात पुरे सहा व्होल्ट! भिंग धरल्यावर दिसले, पाचव्या आणि सहाव्या पायांमध्ये सोल्डरचा मोहरीएवढा थेंब पूल बांधून बसला होता. थेंब काढला. पहिली चिप मात्र गेली होती. दुसरी बेसमध्ये बसवली, पाचव्यावर बरोबर तीन व्होल्ट आले. पेचकसाच्या उघड्या दांडीला बोट लावून ती तिसऱ्या पायाला टेकवली तेव्हा स्पीकर 'घूंऽऽ' म्हणाला आणि पुतणीने टाळी वाजवली. ही पेचकसाची परीक्षा फक्त सेलवर चालणाऱ्या यंत्रात करावी, विजेवरच्यात कदापि नाही.

आता डबा कुठे ठेवायचा यावर वाद. संचाजवळ ठेवून स्पीकरची तार लांबवली तर खरखर मुळीच नाही. परंतु आवाजाचे बटण चार मीटर दूर. म्हणजे पुन्हा आत्याबाईंनी कुणाला तरी हाका मारायच्या. बटण त्यांच्याच हाताशी हवे, यावर पुतणी अडून बसली आणि तिचे बरोबर होते. यंत्र उशाशी आले, संदेशाची तार लांब झाली. लगेच गुरगुर सुरू! शिवाय आतेभावाचा जुना मोबाइल वाजायच्या आधी स्पीकरमधून 'टिक्-टिक्-टर्र' असा निरोप येऊ लागला.

लांब साधी तार म्हणजे एरियलच, आणि ही चिप नकळत रेडिओही होते. माझ्या पोरवयात भंडाऱ्याला मी असलाच एक डबा केला होता. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ सालापासून. त्यात १९८८ साली राष्ट्रीय वाहिनीसाठी तिथे एक हजार किलोवॅटचे प्रक्षेपणयंत्र बसले. रात्री काहीच न जोडता माझा डबा हिंदीत बातम्या देई. घरचे लोक कौतुक करीत आणि मी शास्त्रज्ञासारखा गप्प बसे!

उपाय जुनाच आहे. साध्या तारेऐवजी शिल्डेड वायर. तिसऱ्या पायाच्या अगदी तोंडाशी एक हजार ओहम आणि तिथून जमिनीला ४७० पिकोफॅरड. आणि सारे धातूच्या डब्यात. भंडारा जिल्ह्यात धातूचा डबा शोधायला का जावे लागते? पितळेच्या भांड्यांवर तर या गावाचे नाव! आत्याबाईंनी स्वतःच फडताळातून आपला जुना पितळी पानडबा काढून दिला. त्याला बोल्टने जमीन जोडली, झाकणाला भोक पाडून बटण बसवले. गुरगुर आणि टिक्-टिक् दोन्ही गेली.

आवाज चढवला की मात्र 'फट्-फट्-फट्' असा मोटारबोटीसारखा ठोका येई. घड्याळातले उरलेसुरले सेल घातल्याचा तो परिणाम. नवे सेल आणि त्यांच्यावर २२० मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर चिपच्या अगदी शेजारी घातला, ठोका थांबला.

मग रात्री जेवणे झाल्यावर आत्याबाईंनी खाटेवर बसून पाय फरशीला टेकवले, बटणाला हात घातला आणि "चावते रे!" म्हणून डबा सोडून दिला.

मी घाबरलो, हे कबूल करतो. आमचे यंत्र सेलवर. त्यात वीज कुठली? पण सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनांचा. त्याला खरी जमीन नसते आणि आतल्या गाळणीच्या कन्डेन्सरमधून विजेचा अगदी बारीक अंश त्याच्या ऋण टोकावर झिरपतो. तो शिल्डेड वायरच्या जाळीतून थेट पानडब्यावर आला होता. धडधाकट अडॅप्टर असला तर ही झिणझिण एरवी जीवघेणी नसते. तरीही ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हाती असे काही देणे मला मंजूर नव्हते. प्रथम दुसरा अडॅप्टर लावून पाहिला; झिणझिण तशीच, तेव्हा तो बिघडलेला नव्हता एवढे कळले. मग सीताबर्डीची दुसरी खेप करून आवाजाचा एकास-एक लहान ट्रान्सफॉर्मर आणला आणि डबड्याजवळच तारेत घातला. त्याच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूशी तारेने काही संबंध राहत नाही, संदेश तेवढा चुंबकाच्या वाटेने ओलांडतो. शिल्डेड वायरची जाळी फक्त पानडब्याच्या टोकाला जोडली. त्यानंतर मी स्वतः अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून डबा हातात धरला, आणि मगच तो आत्याबाईंना दिला. वाचकांपैकी कुणी हा खटाटोप करणार असेल त्याने हा ट्रान्सफॉर्मर गाळू नये. आणि मोबाइलच्या चार्जरवर यंत्र चालवून सेल वाचवू म्हणेल त्याला तर हीच झिणझिण नव्याने भेटेल, वर चार्जरची शिटी फुकट. आतेभावाने दिवाळीनंतर हा प्रयोग करून पाहिला, आणि पुतणीने तो दहा मिनिटांत बंद पाडला.

आता कुणी विचारील, तीन-तीन वॅटची तयार पट्टी बाजारात थोडक्या पैशांत मिळते, मग ही उठाठेव कशाला? पीएएम ८४०३ चिपची ती पट्टी चांगली आहे. फक्त तिच्या स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यांतली एकही जमिनीला वा पितळी डब्याला लागता कामा नये. आमच्याकडे तीन वॅटांना काम नव्हते, इतकेच.

परवा पुन्हा पवनीला गेलो. संचाचा आकडा अठरावर होता. पुतणी खालीच, आजीच्या खाटेशेजारी गणिते सोडवीत बसली होती. सेल दोनदा बदलले म्हणाली. डबा तीच उघडते, बापाला हात लावू देत नाही. आत्याबाई पानडब्याचे बटण फिरवून माझ्याकडे वळल्या.

"बापू, एवढे दिवस आयकू नव्हतं येत थेच बरं होतं," त्या म्हणाल्या. "काय बोलतेत रे ह्या बाया!"