वही वाचणाऱ्याचे दोन महिने

शिष्यवृत्ती ही गोष्ट समाजातील विश्वस्त निधींना नवी नाही. विद्यार्थ्याचे शुल्क भरणे, वसतिगृहात त्याची सोय करणे, परदेशी शिक्षणासाठी बिनव्याजी रक्कम देणे, हे कार्य व्यापारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ती मदत पदवीसाठी असते. अमेरिकेतील जुन्या इतिहास-मंडळांत मात्र एक निराळी वृत्ती दिली जाते. तेथे पैसे मिळतात ते मंडळाच्या दप्तरखान्यात बसून जुने कागद वाचण्यासाठी. या कागदांत व्यापाऱ्यांची पत्रे व हिशेब विपुल आहेत आणि त्यांपैकी काही थेट हिंदुस्थानच्या व्यापाराशी निगडित आहेत.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी १७९१ साली स्थापन झाली. अमेरिकेतील हे सर्वांत जुने इतिहास-मंडळ. जेरेमी बेल्कनॅप नावाचे धर्मोपदेशक तिचे प्रवर्तक होते. जुने कागद खासगी घरांत विखुरलेले राहिले, तर आग, वाळवी आणि अनास्था यांपासून त्यांचा बचाव होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. मंडळाला कागद मिळाले ते बहुतांशी घराण्यांकडून. टॉमस जेफरसन यांच्या खासगी कागदपत्रांचा मोठा संग्रह १८९८ साली त्यांचे पणतू टॉमस जेफरसन कूलिज यांनी मंडळाला दिला. हे कूलिज व्यवसायाने कापडगिरण्यांतील भांडवलदार होते.

हेन्री ली या बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या घराण्याचे कागदही येथेच आहेत. हा गृहस्थ १८११ साली व्यापारासाठी कलकत्त्यास निघाला. पुढच्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले आणि परतीचा मार्ग बंद झाला. युद्ध संपेपर्यंत तो परमुलखात अडकून पडला. तेथून त्याने पत्नी मेरी हिला पत्रे लिहिली. त्या काळी अमेरिकन व्यापाऱ्यांचे कलकत्त्यातील सारे व्यवहार स्थानिक बनियांच्या हातून होत. त्यांपैकी रामदुलाल दे यांच्यावर अमेरिकन व्यापाऱ्यांचा एवढा विश्वास होता की, १८०१ साली त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे तैलचित्र त्यांना भेट म्हणून पाठविले. पेढीवरची पत म्हणजे काय, हे या वाचकवर्गाला निराळे सांगावयास नको.

तथापि एकट्या ली यांच्या पत्रांवरून त्या व्यापाराचा इतिहास सिद्ध होत नाही. सेलम बंदरातील जहाजांच्या रोजनिश्या तेथील संग्रहालयाच्या फिलिप्स ग्रंथालयात आहेत. फ्रेडरिक ट्यूडर याच्या बर्फाच्या व्यापाराचे हिशेब हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. हा ट्यूडर मोठा धाडसी. मे १८३३ मध्ये त्याने ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला आणि चार महिन्यांचा प्रवास करून त्यातला शंभरएक टन शाबूत पोहोचला. घट किती धरावी, भुसा किती भरावा, नफा कोठे सुरू होतो, ही गणिते त्या वह्यांतून उलगडावी लागतात. म्हणजे एका विषयासाठी तीन ठिकाणी जाऊन बसणे आले.

ही अडचण ओळखून न्यू इंग्लंड प्रांतातील अनेक मंडळे व ग्रंथालये एकत्र आली आणि त्यांनी सामाईक अभ्यासवृत्ती सुरू केली. अर्ज एकच. संशोधकाने किमान आठ आठवडे काम करावयाचे, निदान तीन संस्थांमध्ये आणि प्रत्येक ठिकाणी निदान दोन आठवडे. त्यासाठी पाच हजार डॉलरच्या आसपास रक्कम दिली जाते. बोस्टनसारख्या महागड्या शहरात यातला बराच भाग निवासावरच खर्च होतो, हे खरे. परंतु या अटीमागील दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. एका दप्तरावर विसंबून निष्कर्ष काढण्याची सवय तिने मोडते, आणि एकाच विषयावर चार संस्था चार वेळा पैसे घालीत नाहीत.

बोस्टनच्या मंडळाच्या स्वतःच्याही महिनाभराच्या वृत्ती आहेत. पीएच.डी.चे विद्यार्थी, प्राध्यापक आणि कोठेही नोकरीस नसलेले स्वतंत्र अभ्यासकही त्यांस पात्र असतात. अर्जात खरा भर असतो तो एका प्रश्नावर: कोणते दप्तर पाहावयाचे आहे आणि ते येथेच का पाहिले पाहिजे? ज्याने संग्रहाची सूची आधी वाचलेली नाही, त्याचा अर्ज तेथेच लंगडा पडतो. वृत्ती मिळालेला अभ्यासक एके दुपारी आपले अपुरे काम सर्वांसमोर मांडतो. ऐकणारे आपापला डबा घेऊन येतात. मोठ्या परिषदेतील निबंधवाचनापेक्षा या डब्याच्या बैठकीत चुका लवकर सापडत असाव्यात.

शाळकरी मुलांसाठीही या मंडळाने जॉन विन्थ्रॉप यांच्या नावे एक छोटी वृत्ती ठेवली. मूळ कागद वापरून विद्यार्थ्याने एखादा प्रकल्प करावा, हा तिचा हेतू. तिच्यात विद्यार्थ्याबरोबर त्याच्या मार्गदर्शक शिक्षकालाही मानधन मिळते.

आपल्याकडे पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांचे सहकारी यांनी घरोघर हिंडून मिळविलेली मोडी दप्तरे हा महाराष्ट्राच्या इतिहासाचा पाया आहे. व्यापारी घराण्यांच्या वह्या मात्र अजूनही पुष्कळशा माळ्यावरच पडून आहेत. हिशेब संगणकावर गेले. दिवाळीस पूजन होते ते नव्या, कोऱ्या वहीचे, आणि पणजोबांची रोजकीर्द व खतावणी वाडा पाडावयाच्या वेळी रद्दीत जाते. कोणत्या साली सरकीचा भाव काय होता, दुष्काळात उधारी कशी सांभाळली, कोणत्या गावची हुंडी कोठे वटत असे, ही माहिती सरकारी दप्तरात शोधून मिळणार नाही.

वह्या द्यावयास घराणी कचरतात, त्याला कारण आहे. त्यांत कर्जे असतात, वाटण्यांचे तंटे असतात, ज्यांची नातवंडे आज शेजारी राहतात अशांची नावे असतात. बोस्टनच्या ॲडम्स घराण्यालाही हा संकोच होताच. अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या या कुटुंबाने आपले कागद मंडळाच्या इमारतीत ठेवले, पण मालकी कौटुंबिक न्यासाकडेच राखली आणि संशोधकांना ते सहजी उघडू दिले नाहीत. पूर्ण स्वाधीन केले ते १९५६ साली. अमुक वर्षांनंतरच वही उघडावी, अशी अट घालून ती देता येते. त्यात अप्रतिष्ठा काही नाही.

दुसरी अडचण वाचणाऱ्यांची. अनेक पेढ्यांच्या वह्या मोडीत किंवा बिनमात्रेच्या महाजनी लिपीत आहेत. ‘काका अजमेर गेले’ हे पत्र ‘काका आज मेले’ असे वाचून घरात रडारड झाल्याची थट्टा मारवाडी-गुजराती घरांतून अजून ऐकू येते. थट्टा बाजूला ठेवली तरी ती लिपी सरसर वाचणारे मुनीम आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही. एखाद्या समाजनिधीने इतिहासाच्या विद्यार्थ्याला वह्या वाचण्यासाठी दोन महिन्यांची वृत्ती द्यावयाची ठरविली, तर विन्थ्रॉप वृत्तीतील ती तरतूद येथे अगदी चपखल बसेल. विद्यार्थ्याच्या शेजारी गादीवर अशा एका निवृत्त मुनीमजींना बसवावे, आणि मानधनाचे पाकीट त्यांच्याही नावाने निघावे.