हद्द आधी की केंद्र?

माधवराव महाराज शिंदे यांच्या दरबाराने ग्वाल्हेरच्या फूलबागेत देऊळ, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज ही चारही स्थाने जवळजवळ वसवली, ती अंतराच्या हिशेबाने नव्हे, तर भिन्न श्रद्धांना परस्परांचा शेजार लाभावा म्हणून, असे मानण्यास हरकत नाही. परंतु दवाखाना, अग्निशमन केंद्र किंवा रास्त भावाचे दुकान यांची जागा ठरवताना तोच हिशेब टाळणे हे औदार्य नसून गैरव्यवस्था होय.

आपल्या शहरांची सर्वसाधारण रीत अशी, की प्रथम प्रभागाची हद्द आखावयाची आणि मग त्या हद्दीत जिथे नझूलची, म्हणजे सरकारी, मोकळी जागा हाती लागेल तिथे, मग ती अगदी कोपऱ्यात का असेना, इमारत उठवावयाची. गणिताचा क्रम याच्या उलट आहे. गणितज्ञ डिरिक्ले याने 1850 साली आणि व्होरोनॉय याने 1908 साली ज्या विभागणीचा अभ्यास केला, तीत केंद्रे आधी असतात, आणि प्रत्येक केंद्राच्या वाट्याला तेवढाच मुलूख येतो, जो इतर कोणत्याही केंद्रापेक्षा त्याला अधिक निकट आहे. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट लॉइड याने 1957 साली, ध्वनिसंदेशांच्या अंकनाचा विचार करताना, पुढचे पाऊल टाकले: प्रत्येक केंद्र आपल्या मुलखाच्या गुरुत्वमध्यावर सरकवावे, हद्दी नव्याने आखाव्यात, पुन्हा केंद्रे सरकवावीत, आणि दोहोंचा मेळ बसेपर्यंत हेच करीत राहावे. (त्याचे हे टिपण छापून प्रसिद्ध व्हायला 1982 साल उजाडले; दफ्तरदिरंगाई केवळ आपल्याकडेच असते असे नाही.) पृथ्वीच्या वातावरणाचे गणित मांडणारी काही अमेरिकी प्रारूपे आज याच तत्त्वाने गोलावर बहुधा षट्कोनी घरांची जाळी विणतात, आणि जिथे सूक्ष्म तपशील हवा तिथे ती दाट करतात. शहरात ही दाटी लोकसंख्येची धरावी. कारण गुरुत्वमध्य जमिनीचा नव्हे, माणसांचा काढावयाचा आहे.

मात्र ग्वाल्हेरात कागदावरची सरळ रेषा फसवी ठरते. लष्कर हा शहरभाग आणि जुने शहर यांच्यामध्ये किल्ल्याची टेकडी आडवी पसरली आहे, फूलबागेच्या बाजूने स्वर्णरेखा नदीचे पात्र जाते आणि रुळांची अडचण निराळीच. तेव्हा नकाशावर शेजारी दिसणारी वस्ती प्रत्यक्षात लांबच्या वळशाने गाठावी लागते. लंडनमधील 1854 च्या पटकीचा माग काढताना डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा इलाखा ठरवला, तो गल्ल्यांतून पायी जाण्याच्या वाटेने मोजून. आपल्या नगररचनाकारांनी निदान एवढा धडा तरी गिरवावा.

या पद्धतीची उणीवही सांगितली पाहिजे. लॉइडची रीत अंतराच्या वर्गांची एकूण बेरीज कमी करते, त्यामुळे टोकाची एखादी विरळ वस्ती दूरच राहण्याचा संभव असतो. शिवाय आरंभीची केंद्रे निराळी धरली तर निष्पत्तीही निराळी येऊ शकते, म्हणून एकच उत्तर अंतिम समजून त्यावर शिक्का उठवणे धोक्याचे. शिक्षणहक्काच्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते सरासरी मुलासाठी नव्हे, सर्वांत दूरच्या मुलासाठी. लॉइडच्या रीतीला ती अट बाहेरूनच घालावी लागेल. प्रभागांच्या नव्या हद्दींचा मसुदा हरकतींसाठी ठेवताना पालिकेने अशा दोन-तीन वेगळ्या मांडण्या, प्रत्येक वस्तीच्या पायी अंतरासह, त्याच फलकावर लावाव्यात.