डेस्कटॉप उघडताना
डेस्कटॉप बंद करून भिंतीतला प्लग काढावा आणि सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे. उरलासुरला विद्युतभार निघून जातो. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडूच नये, त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब उरू शकतो. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तेव्हा स्थिर विजेचा धोका वाढतो. म्हणून आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. रॅम दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून कडांना धरून काढावी. पंख्यात धूळ साठते, जिनिंगजवळच्या दुकानांत तर कापसाचे तंतूही. ब्रश फिरवताना पाते बोटाने अडवावे. प्रोसेसरवरचा हीटसिंक वाळलेल्या पेस्टमुळे चिकटलेला असतो. तो सरळ उपसला तर प्रोसेसरही सॉकेटमधून निघून पिना वाकू शकतात, त्यामुळे हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.